चार बोटं खाली

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याने दोन दारांची, आधीच बुटकी असलेली पळणारी गाडी घेतली आहे आणि ती त्याला आणखी बुटकी करून हवी आहे. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकल्यापासून त्याची बायको त्याच्याशी नीट बोलत नाही म्हणे. "आत्या, बाबांनी तेव्हा गाडी खाली करून घेतली होती, तर किती खर्च आला होता गं?" हे त्याने वडिलांना न विचारता मला विचारलं, कारण त्याचे वडील, म्हणजे माझा मधुकरदादा, असल्या प्रश्नांना "आठवत नाई" एवढंच उत्तर देतो. पैशांचा आकडा मलाही आठवत नाही. बाकीचं सगळं मात्र आठवतं, आणि ते फोनवर सांगण्याइतकं लहान नाही. म्हणून आज दुपारचं जेवण झाल्यावर लिहायला बसले आहे.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं, रोहिणखेडच्या बाजूचं. मलकापूरहून बुलढाण्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचा फाटा होता आणि फाट्यापासून गावापर्यंत बैलगाड्यांनी घडवलेली वाट. दोन्ही बाजूंना चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंच वरंबा. घर धाब्याचं, पुढे मोठं अंगण, अंगणात कडुनिंब. शेतात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, ज्वारी आणि थोडी मिरची. मिरची वाळायला घातली की सगळं घर शिंकत असायचं. पाहुणा अंगणात पाय ठेवताच शिंकला की माय आतूनच विचारायची, "कोन आलं व?" सकाळी गोठ्यातून बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजायच्या, मग जातं, मग चुलीत फुंकणीचा आवाज, आणि या सगळ्यावर बाबांचं खाकरणं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, तव्यावर रगडलेला ठेचा आणि कच्चं तेल हे आमचं रोजचं. कोणी पाहुणा आला किंवा कापूस विकून आला की गोवऱ्यांवर भाजलेले पानगे आणि वांग्याची भाजी.

माझे पाय मला आठवतं तेव्हापासून असेच आहेत. लहानपणी ताप आला आणि जाताना पायांतलं बळ घेऊन गेला, असं माय सांगायची. मी हातांवर चालायची. हातांत जुन्या रबरी चपला घालायची, अंग उचलायची, पुढे टाकायची. लोक हळहळायचे, पण खरं सांगायचं तर घरात मला कधी काही कमी वाटलं नाही. आमच्या घरात सगळं जमिनीवरच होतं. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, पाटा-वरवंटा, ताक घुसळायचा डेरा, निजायची वाकळ, जेवायचं ताट, सगळं माझ्या हाताच्या उंचीवर. माझ्या भाकरी माय थापायची त्याहून गोल होत आणि माझ्या दंडांत दादाइतकी ताकद होती. अंगणाच्या बाहेर पडलं की मात्र जग एकदम उंच व्हायचं. बैलगाडी उंच, दुकानाचा ओटा उंच, आणि सगळ्यांत उंच एसटीची पायरी.

गावातल्या शाळेत बाबा मला खांद्यावर घेऊन जात. मलकापूरच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा ते फाट्यावर मला उचलून बसमध्ये बसवत. तिकडे उतरवायला मात्र कोणीतरी लागायचं. कधी कंडक्टर, कधी शेजारी बसलेला एखादा. बहुतेक माणसं चांगली होती, हे मी मुद्दाम लिहिते. एकाने मात्र उतरवताना हात ठेवू नये तिथे ठेवला, आणि खाली ठेवल्यावर माझ्याकडे पाहून हसला. मी घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मायला एवढंच म्हटलं, "मले नाई जायचं आता कॉलेजात." बाबांना वाटलं, पोरगी थकली. मी घरूनच अभ्यास करून पदवीची परीक्षा दिली. तेवढ्यापुरती मामाची बैलगाडी, मामाचं घर आणि मामीचे हात असं करून ते पार पडलं. पण त्यानंतर मी अंगणाबाहेर जाणं जवळजवळ सोडूनच दिलं. कोणाच्या लग्नाला नाही, जत्रेला नाही. लोक म्हणायचे, नलूचा स्वभाव एकलकोंडा झाला.

मधुकरदादा माझ्याहून थोडा मोठा. मलकापूरला एका जिनिंगमध्ये यंत्रांची दुरुस्ती करायचा. अंगाला कायम वंगणाचा वास, नखं काळी, आणि डोक्यात गाड्या. जिनिंगच्या शेठजींची एक जुनी परदेशी गाडी होती. लाल, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, वर कापडी छप्पर. कधीकाळी हौसेने घेतलेली आणि मग शेडमध्ये कापसाच्या धुळीखाली पडून राहिलेली. शेठजींनी कारभार आवरायला घेतला तेव्हा दादाने ती मागून घेतली, एका बैलजोडीच्या किमतीत. हा हिशेब बाबांना फारच लागला, कारण त्या वर्षी आम्हाला खरोखरच बैलजोडी घ्यायची होती. दादाने वर्षभर खपून ती चालती केली. ज्या दिवशी ती अंगणात आली त्या दिवशी कडुनिंबावरचे सगळे बगळे उडाले, एवढा तिचा आवाज. बाबा ओसरीवर बसले होते. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "पेरनीले कामात येईन का हे?"

दादाने पहिल्याच दिवशी मला उचलून तिच्यात बसवलं आणि फाट्यापर्यंत फिरवून आणलं. नंतर एकदा घरात कोणी नसताना मी स्वतः चढून पाहिलं. दाराच्या उंबऱ्यावर तळवे टेकवले आणि जोर केला, पण कंबर वर येईना. थोडक्यात राहिलं. मी परत ओसरीवर येऊन बसले आणि मिरच्यांचे देठ खुडत राहिले.

त्या काळी औरंगाबादच्या पलीकडे एका वापरात नसलेल्या धावपट्टीवर हौशी लोक गाड्या पळवायला जमत. दादाला तिथे जायचं होतं. त्याचं म्हणणं, वळणावर गाडी एका अंगाला कलते, आणि ती जमिनीला चिकटून पळायला हवी असेल तर तिला खाली बसवली पाहिजे. मलकापूरला हमरस्त्यावर रशीदभाईंचं गॅरेज होतं. ट्रकचे कमानपाटे ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी आयुष्यभर दबलेल्या गाड्या उचलून दिल्या होत्या, आणि हे पहिलंच गिऱ्हाईक उलटं मागत होतं. रशीदभाईंनी त्याला सांगितलं होतं, "देख मधुकर, स्प्रिंग एक बार काटी तो फिर जुडती नही. और फिर हर खड्डा सीधा तेरी कमर में आयेगा." दादाने ऐकून घेतलं आणि कापा म्हणाला. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचे वेढे कापले, मागे कमानीपाशी लोखंडी ठोकळे घातले, शॉकअप आखूड बसवले. गाडी चार बोटं खाली आली.

संध्याकाळी जेवताना दादा हे सगळं रंगवून सांगत होता. बाबा भाकर कुस्करता कुस्करता थांबले.

"म्हंजे उचलली नाई? खाली केली?"

"हाव. चार बोटं."

"अन् त्याचे पैसे तूनं देल्ले?"

"मंग? काम केलं त देनंच पडतात ना, बाबा."

बाबांनी मायकडे पाहिलं. "ऐकलं का व? आपला बैल बसला त आपन शेपटी पिरगाळून त्याले उठवतो. यानं पैसे देऊन गाडी बसवली."

माय तोंडाला पदर लावून हसली, मीही हसले, आणि दादासुद्धा हसला. पण बाबांच्या मनात ते राहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते गाडीला "ते बसकी" म्हणायचे.

खाली बसवण्याची किंमत लगेच दिसायला लागली. मारुतीच्या पारासमोर सांडपाण्याची नाली होती. तिच्यावरून जाताना गाडीचं पोट घासून असा आवाज निघायचा की पारावरची माणसं दात आवळायची. वळण पुरं घेतलं की टायर मडगार्डला घासायचं. सायलेन्सर तर इतक्यांदा निघून पडला की गावातली माणसं तो उचलून घरी आणून द्यायला लागली. दादा मलकापूरहून आला की आधी ओसरीवर पालथा पडायचा आणि माय त्याच्या कंबरेला गरम विटेचा शेक द्यायची. तरी तो खूश होता. मोठ्या रस्त्यावर, डांबर चांगलं असलं म्हणजे, ती कशी पळते हे तो हातांनी दाखवायचा. हात जमिनीलगत सरकवत न्यायचा आणि तोंडाने आवाज काढायचा.

धावपट्टीवर मात्र सगळं फसलं. तिथलं काँक्रीट जागोजागी उचकटलेलं होतं. पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी उडाली, आपटली, आणि मडगार्डच्या कडेने टायर चिरलं. दादाला काही झालं नाही, पण दुसरी फेरी मिळाली नाही. एका ट्रकवाल्याच्या ओळखीने गाडी मलकापूरला आणली, टायर बदललं, आणि तो घरी यायला निघाला. मग आमच्याच वाटेवर, गाव दिसायला लागल्यावर, मधल्या वरंब्यातल्या दगडाने खालचा चेंबर फोडला. सगळं ऑईल मातीत गेलं. शेवटी बाबांनी बैल नेले आणि ती लाल गाडी बैलांनी ओढत गावात आणली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. कोणीतरी ओरडलं, "मधुकर, पह्यला नंबर आला का बे?" दादा स्टिअरिंग धरून समोर पाहत होता. तो आला, गाडीला हात न लावता आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मायने वाढलेलं ताट तसंच राहिलं.

तशी ती बरेच दिवस अंगणात उभी होती. कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसायच्या. एका दुपारी माय आणि बाबा पऱ्हाटी वेचायला गेले होते, दादा मळ्यात पाणी द्यायला. माझी ज्वारी निवडून झाली आणि मी ओसरीवरून उतरून गाडीजवळ गेले. तिचं दार उघडंच होतं. कोंबडी आत अंडं घालील म्हणून ते लावावं एवढाच माझा विचार होता. दार धरलं आणि लक्षात आलं की उंबरा माझ्या बरगड्यांखाली येतो आहे. मी हातातल्या चपला काढल्या. तळवे टेकवले. जोर केला, आणि कंबर वर आली. उंबऱ्यावर बसले. मग हाताने एक पाय आत घेतला, दुसरा घेतला, आणि सरकून सीटवर टेकले.

आज हे लिहिताना एका ओळीत संपलं. त्या वेळी मी कितीतरी वेळ हलले नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुठल्यातरी वाहनात माझी मी बसले होते. कोणाच्या बगलेचा घाम नाही, कोणी "संभाळ, संभाळ" म्हणत नाही, कोणाच्या हातांची वाट पाहायची नाही. समोरच्या काचेतून आमचंच अंगण दिसत होतं, तेच ते कडुनिंब, तीच दोरीवरची लुगडी, पण मी ते जणू परगावाहून आल्यासारखी पाहत होते. मग मी परत उतरले. आणि पुन्हा चढले. मला खात्री करून घ्यायची होती.

दादा खांद्यावर फावडं टाकून आला तेव्हा मी आतच होते. तो फाटकातच थांबला.

"कोनं बसवलं तुले?"

"कोनंच नाई."

"माय आली का?"

"माय वावरात हाय. मी बसली, दादा. मी माह्या हातानं बसली."

त्याला आधी काही कळलंच नाही. मग तो जवळ आला आणि म्हणाला, "उतर बरं." मी उतरून दाखवलं. "आता चढ." मी चढले. त्याने फावडं खाली ठेवलं, वाकून दाराचा उंबरा पाहिला, त्यावर हात फिरवला, मग स्वतःची चार बोटं उंबऱ्यावर आडवी ठेवून थोडा वेळ त्यांच्याकडेच बघत राहिला. मग तो विहिरीकडे गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

त्याच आठवड्यात मी घरच्यांना सांगितलं की बुलढाण्याच्या एका सरकारी ऑफिसात अपंगांसाठीच्या कारकुनाच्या जागेसाठी मला मुलाखतीला बोलावलं आहे. अर्ज मामाने भरून पाठवला होता आणि बोलावणं आलेलं मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण जायचंच नव्हतं. माय म्हणाली, "मी येतो संग." मी म्हटलं, "त्या गाडीत दोनच मानसं मावतात, माय. मी अन् दादा." बाबा नुसते सुपारी कातरत राहिले.

रशीदभाई गाडी बरी करायला स्वतः गावात आले. लुनाच्या मागे पत्र्याचा डबा बांधलेला, डब्यात अवजारं, दादाने काढून नेऊन दिलेला आणि आता वेल्डिंग करून सांधलेला चेंबर, आणि गोणपाटात गुंडाळलेल्या दोन स्प्रिंगा. मायने त्यांना चहा दिला आणि ते गाडीखाली शिरले. चेंबर बसवून बाहेर आले आणि गोणपाट सोडायला लागले. मी ओसरीवर लसूण सोलत होते.

"ये देख," ते दादाला म्हणाले, "दुसऱ्या गाडीच्या हायेत पन बराबर बसतीन. दोन-अडीच बोटं वर येईन. टायर नाई घासनार, चेंबर वाचन, अन् तुही ते पट्टीवरची रेस बी होईन. जैसा तू बोला था, वैसाच लाया."

दादाने स्प्रिंग हातात घेतली. चांगली होती, तेल लावून चकचकीत केलेली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने दाबून पाहिली, आणि परत गोणपाटावर ठेवली.

"राहू द्या, रशीदभाई."

"राहू द्या म्हंजे?"

"आहे तशीच राहू द्या. खालीच."

"अरे, दो हफ्ते से मेरा दिमाग खाया तूने! रशीदभाई वर करा, रशीदभाई वर करा. आता काऊन?"

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. "बहीनले बुलढान्याले न्यायचं हाय," एवढंच म्हणाला.

रशीदभाई माझ्याकडे वळले. माझ्याकडे, मग गाडीच्या दाराकडे, मग ओसरीच्या पायरीशी पडलेल्या माझ्या हातांत घालायच्या चपलांकडे त्यांनी पाहिलं. त्यांनी स्प्रिंगा पुन्हा गोणपाटात गुंडाळल्या आणि दोरी बांधली. जाताना माझ्यासमोर थांबून म्हणाले, "बेटी, दार उघडता-लावता जड जाते का? बिजागरीले तेल देऊन देतो." आणि त्यांनी दिलं.

बाबा हे सगळं गोठ्याच्या दारातून ऐकत होते. रशीदभाई गेल्यावर ते म्हणाले, "मंग फाट्यावर जाशीन कसा? तो वरंबा पुन्हा पोट फोडीन तिचं."

"हळू नेईन," दादा म्हणाला.

"हळू नेल्यानं दगुड नरम होते का बे?" असं म्हणून ते आत गेले. मला वाटलं, झालं, विषय संपला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी भाकरी थापत असताना मला घाट्यांचा आवाज गावाबाहेर जाताना ऐकू आला. शेत उलट्या बाजूला, मग बैल वाटेकडे कसे? थोड्या वेळाने शेजारची शांताकाकू धावत आली. "नलू, तुहा बाप रस्ता वखरून राह्यला!" मी अंगणाच्या कडेला गेले. तिथून वाट सरळ दिसते. बाबांनी वखराला बैल जुंपले होते आणि ते गाडीवाटेच्या बरोबर मधून वखर चालवत होते. वखराची पास, म्हणजे आडवं पातं, वरंबा कापत होती, गवताची ढेकळं बाजूला पडत होती, आणि एखादा दगड लागला की बाबा थांबून तो सब्बलीने उकरून बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर फेकत होते. वखरावर वजन हवं म्हणून त्यांनी मोठा धोंडा बांधला होता. आधी लोक उभे राहून पाहत होते. मग कोणी फावडं घेऊन आलं, कोणी टोपलं. दुपारी मायने आणि मी सगळ्यांना पुरतील एवढे पानगे लावले. दादा मलकापूरहून आला तेव्हा पारासमोरच्या नालीच्या उतारावर मुरूम पडत होता. तो सायकलवरून उतरला आणि बाबांच्या हातातली सब्बल घ्यायला गेला. बाबांनी दिली नाही. म्हणाले, "तू गाडी पाह्य तुही. रस्ता माहा हाय."

दुसऱ्या दिवशी मायने मला निळं लुगडं नेसवलं, डोक्याला तेल लावलं, डब्यात शिरा दिला. गाडी अंगणात सुरू होती आणि तिच्या आवाजाने कोंबड्या लांब जाऊन उभ्या होत्या. मी ओसरीवरून उतरले. बाबा सवयीप्रमाणे पुढे आले, वाकले, आणि दोन्ही हात माझ्या बगलेत घालणार तोच मी म्हटलं, "बाबा, जरा सरका." ते सरकले. मी उंबऱ्यावर तळवे टेकवले आणि बसले. पाय आत घेतले. दार लावलं. बाबांचे हात तसेच अर्धवट पुढे राहिले होते. त्यांना ते कुठे ठेवावे कळेना. मग त्यांनी डोक्याचं धोतराचं फडकं काढून उगाचच पुन्हा बांधलं आणि म्हणाले, "बैस नीट. वारं लागन."

वाटेवर एकदाही पोट घासलं नाही. मोठ्या रस्त्यावर मात्र रशीदभाई म्हणाले होते ते खरं ठरलं, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात यायचा आणि दादा प्रत्येक वेळी "लागलं का?" विचारायचा. मला काहीच लागत नव्हतं. मग राजूरचा घाट सुरू झाला. छप्पर मागे केलेलं, दोन्ही बाजूंना सागाची वाळकी पानं, थंड वारं. तिथलं डांबर चांगलं होतं, आणि पहिल्याच वळणावर मला कळलं की दादा इतके दिवस हाताने काय दाखवत होता. गाडी कलली नाही. जमिनीला पोट टेकून सरपटणाऱ्या घोरपडीसारखी ती वळली. मी मोठ्याने हसले. दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि धावपट्टीवरून परतल्यापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळलेला मी पाहिला. "पाह्यलं?" तो म्हणाला. "पाह्यलं. आनखी घे," मी म्हटलं.

ऑफिसला पायऱ्या होत्या. शिपाई मला उचलायला धावला. मी म्हटलं, "राहू द्या, मी येते." चपला हातांत घालून चढले, वरच्या नळावर हात धुतले आणि आत गेले. टेबलामागे तिघं बसले होते. अभ्यासाचं विचारून झाल्यावर मधल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही एवढ्या लांबून आलात कशा? कोणी उचलून आणलं?" मी म्हटलं, "नाही. मी गाडीत माझी मी बसले. भाऊ गाडी चालवत होता." "आणि रोज कशा याल?" "ऑफिसजवळ खोली घेईन आणि हातांवर येईन." हे बोलताना माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. आपण कुठेतरी स्वतःहून चढलो आहोत, ही गोष्ट अंगात अजून ताजी होती.

नोकरी लागली. याच ऑफिसातून मी निवृत्त झाले आणि बुलढाण्यातच स्थायिक झाले. सुरुवातीची वर्षं माय माझ्याजवळ राहिली. दर शनिवारी दादा घाट चढून यायचा आणि मला घरी न्यायचा, गाडीत दोघंच मावत म्हणून माय एसटीने. बहुतेक वेळा तीच आमच्या आधी पोचायची आणि तिला त्याचा आनंद व्हायचा. दर पावसाळ्यानंतर वाट पुन्हा उकलायची आणि दिवाळीच्या आधी बाबा न सांगता वखर घेऊन जायचे. वाटेवर डांबर पडेपर्यंत त्यांनी हे केलं. त्या गाडीत ते स्वतः कधी बसले नाहीत. "मले उठता येनार नाई त्यातून," म्हणायचे. दादा पुन्हा कधी धावपट्टीवर गेला नाही. त्याची कंबर गेली ती गेलीच, आज तो पट्टा बांधून हिंडतो. मला तीनचाकी सायकल मिळाली, मग बाजूला चाकं लावलेली स्कूटर, आणि त्या गाडीची गरज हळूहळू सरली. जालन्याकडच्या एकाने ती हौसेने नेली. नेताना दादाने त्याला बजावलं की वर करशील तर चांगल्या स्प्रिंगा टाक.

गेल्या महिन्यात दादा आला होता. वहिनीने त्याच्याबरोबर मुगाच्या वड्या पाठवल्या होत्या. चहा पिताना मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ विचारलं, "दादा, रशीदभाईंनी स्प्रिंगा आणल्या तवा तूनं नाई काऊन म्हटलं? तुही रेस होती ना?"

त्याने बशीत ओतलेला चहा संपवला, मिशी पुसली. "खोलाखोलीचा कंटाळा आला होता मले," म्हणाला. "दुसरं काय?"

आभार घेणं त्याला कधी जमलं नाही, बाबांनाही जमलं नाही. बाबा आता नाहीत. रशीदभाईही नाहीत. दादा आहे, आणि तो पेपराशिवाय काही वाचत नाही. म्हणून हे सगळं इथे निर्धास्त लिहिता आलं.